जपानी पाहुण्यांसमोरच्या स्वागतभाषणात विनोद: कुठे, किती आणि कसा?

लोअरपरळ_समन्वय

नमस्कार. मुंबई आणि योकोहामा ही १९६५ पासूनची भगिनी शहरं. त्या नात्यानिमित्त योकोहामाच्या उद्योजकांचं शिष्टमंडळ एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात येतंय आणि लोअर परळच्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी रात्रीचं जेवण आहे. जपानचे महावाणिज्यदूत असतील, आपल्याकडचे काही सनदी अधिकारी असतील, एकूण सव्वाशेच्या आसपास माणसं. स्वागताचं भाषण आमच्या संघटनेचे अध्यक्ष इंग्रजीतून करतील, शेजारी जपानी दुभाषी उभे राहतील. सगळं मिळून वेळ सहा मिनिटं आणि लगेच टोस्ट.

अध्यक्षांना भाषण हलकंफुलकं हवंय. त्यांनी सुचवलेल्या जागा अशा: सुरुवातीलाच कमरेत वाकून जपानी पद्धतीने अभिवादन आणि त्यावर एक गमतीचं वाक्य. मग जपानी गाड्यांचा वक्तशीरपणा विरुद्ध आपली लोकल. मग मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन लांबली त्यावर एक कोटी. आणि जेवणाकडे वळताना ‘घाबरू नका, इथे सुशीसुद्धा शाकाहारी मिळते’ अशा थाटाचा शेवट.

मित्रदेशांचे नेते एकमेकांसमोर विनोद करतात. काही वर्षानुवर्षं लक्षात राहतात, काहींवर दुसऱ्या दिवशी खुलासे द्यावे लागतात. त्यांचे भाषणलेखक नेमकं काय पाहतात? आणि वरच्या चारांतलं काय ठेवावं?

शिष्टाचार_कक्ष

चारांतले तीन काढा, एक बदलून ठेवा. कारणं सविस्तर लिहितो, कारण अध्यक्षांना पटवून द्यायची वेळ तुमच्यावर येणार आहे.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की विनोदात लहान कोण होतंय. जून १९६१ मध्ये केनेडी पॅरिसला गेले तेव्हा फ्रेंच जनतेने जॅकलीन केनेडींना डोक्यावर घेतलं होतं. पत्रकारांच्या मेजवानीत केनेडींनी स्वतःची ओळख ‘जॅकलीन केनेडींच्या सोबत पॅरिसला आलेला माणूस’ अशी करून दिली. बलाढ्य देशाचा अध्यक्ष स्वतः एक पायरी उतरला आणि फ्रेंचांची पसंती वर गेली. २६ डिसेंबर १९४१ ला चर्चिल अमेरिकन काँग्रेससमोर उभे होते. ब्रिटनला अमेरिकेची नितांत गरज होती. त्यांची आई अमेरिकन. ते म्हणाले, वडील अमेरिकन आणि आई ब्रिटिश असती तर मी या सभागृहात कदाचित स्वतःच्या बळावरच पोचलो असतो. हसू आलंच, पण त्या हसण्यातून ‘मी तुमच्याच घरातला’ हेही सांगून झालं. विनोदाने भाषणाचं काम केलं, म्हणून तो टिकला. काढून टाकल्यावर भाषणाचं काहीच बिघडत नसेल, तर तो विनोद मुळात तिथे नकोच असतो.

२००७ चं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. राणी एलिझाबेथ व्हाइट हाउसला आल्या असताना बुश यांच्या तोंडून १९७६ ऐवजी १७७६ निघून गेलं. १७७६ म्हणजे अमेरिकेने ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं ते वर्ष. राणींनी तिथल्या तिथे काही म्हटलं नाही. पुढच्या संध्याकाळी ब्रिटिश राजदूतांच्या निवासस्थानी टोस्ट करताना त्यांनी सांगितलं, ‘मी १७७६ साली इथे आले होते तेव्हा’ अशी सुरुवात करावी की काय, असा विचार मनात आला होता. यजमानाची चूक त्यांनी स्वतःच्या वयाकडे ओढून घेतली आणि दोन देशांचं जुनं भांडण सहज ओलांडलं. त्यात वेळही पाहा: चूक झाली त्याच क्षणी दुरुस्ती केली असती तर तो टोमणा ठरला असता.

समोरच्याला थोडा चिमटा काढायचाच असेल, तर जून २०१६ मधलं मोदींचं अमेरिकन काँग्रेससमोरचं भाषण बघा. अमेरिकन प्रतिनिधी पक्षभेद विसरून एकदिलाने काम करतात असं ऐकून आहे, असं ते म्हणाले, आणि ताबडतोब पुढचं वाक्य: आमच्या संसदेतही, विशेषतः वरिष्ठ सभागृहात, मला असाच अनुभव येतो. चिमटा दोघांनाही सारखाच. हे दुसरं वाक्य पहिल्याला चिकटूनच यावं लागतं. मध्ये टाळ्या झाल्या, दुभाषी मध्ये आला किंवा वक्त्याने घोट घेतला, तर तेवढ्या वेळात पाहुण्याला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलेलं असतं. त्याच भाषणात योगाबद्दल ‘आम्ही अजून त्यावर बौद्धिक संपदेचा हक्क सांगितलेला नाही’ असंही होतं. बौद्धिक संपदा हा दोन देशांतला खरोखरीच्या वाटाघाटींचा विषय, आणि अमेरिकेची तक्रार भारताविरुद्ध. म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवलं जातं त्यानेच ते हसत उचललं.

आता बिघडलेली. फेब्रुवारी १९७९, मेक्सिको सिटी. अध्यक्ष लोपेस पोर्तियो यांनी भोजनसमयी अमेरिकेला चार खडे बोल सुनावले. उत्तरादाखल अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनी पूर्वीच्या मुक्कामाची आठवण सांगताना ‘माँतेझुमाचा सूड’ हा शब्दप्रयोग केला. मेक्सिकोतल्या पाण्याने पर्यटकांचं पोट बिघडतं त्याला अमेरिकन लोक तसं म्हणतात. भाषणात स्वतःचीच फजिती सांगितली होती, तरीही ती चालली नाही. एक तर यजमानाच्या घरचं अन्नपाणी वाईट असं त्यातून निघत होतं. दुसरं, ज्याच्या नावाने विनोद होता तो स्पॅनिश आक्रमणात संपलेला अझ्टेक राजा. आणि तिसरं, वातावरण आधीच तापलेलं होतं. म्हणून ‘स्वतःवर विनोद केला की सुरक्षित’ एवढं पुरत नाही. फजिती माझी, पण दोष कुणाचा, हेही विचारावं लागतं.

ताकद असमान असली की मैत्रीतली थट्टा आणखी जड होते. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ट्रम्प यांनी जेवणाच्या टेबलावर कॅनडाला ५१ वं राज्य म्हटलं, तेव्हा कॅनडाच्या मंत्र्यांनी ती थट्टा असल्याचं सांगितलं. मग तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांना वारंवार ‘गव्हर्नर’, म्हणजे एखाद्या अमेरिकन राज्याचा प्रमुख, म्हणणं सुरू झालं आणि काही आठवड्यांत कॅनडात तो हसण्याचा विषय राहिला नाही. मोठ्याने लहानाच्या अस्तित्वावर केलेली थट्टा दुसऱ्यांदा केली की धोरण वाटू लागते.

तुमच्या चार जागा. वाकून अभिवादन: मनापासून करायचं असेल तर जरूर करा, पण त्यावर एक अक्षरही बोलू नका. वाक्य जोडलं की अभिवादनाची नक्कल होते. त्यापेक्षा दोन्ही हात जोडून नमस्कार करा, ते त्यांच्या पद्धतीने उत्तर देतील. बुलेट ट्रेन: पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे या दोघांच्या हस्ते झाली, मोठा भाग जपानी कर्जाचा आहे, आणि दिरंगाईची कारणं भूसंपादनापासून खरेदीपर्यंत दोन्ही सरकारांत गुंतलेली आहेत. सभागृहात महावाणिज्यदूतही बसणार आणि राज्याचे अधिकारीही. कोटी कुणालाही लागली तरी नुकसान तुमचंच. सुशी: ‘घाबरू नका’ म्हणजे त्यांचं अन्न घाबरण्यासारखं. शिवाय निम्मं सभागृह बोंबील-पापलेट खाणाऱ्यांचं असेल. उरली लोकल, ती बदलून ठेवता येईल, पण त्याबद्दल खाली कुणी नीट लिहील अशी आशा आहे.

आणखी एक. भाषणात जपानला ‘अलाय’ (करारबद्ध लष्करी मित्र) म्हणू नका. भारत तो शब्द वापरत नाही. २०१४ पासून दोन्ही देशांचं अधिकृत नातं ‘विशेष सामरिक आणि जागतिक भागीदारी’ असं आहे. ‘मित्र’ आणि ‘भागीदार’ पुरेसे आहेत.

काचेआडून

दुभाषाच्या बाजूने लिहितो. तुमची पहिली अडचण विनोदाची नाही, वेळेची आहे. वक्ता थांबणार, मग दुभाषी बोलणार, म्हणजे प्रत्येक मिनिटाची दोन होणार. एकूण सहा मिनिटं असतील तर अध्यक्षांच्या वाट्याला तीनच येतात. मिनिटाला ११० शब्दांच्या चालीने इंग्रजी मसुदा ३३० शब्दांचा हवा. सहा मिनिटांचा लिहिलात तर कार्यक्रम बारावर जाईल आणि सूप गार होईल.

तीन मिनिटांत विनोदाची जागा एक. फार तर दोन.

थांबे कुठे घ्यायचे ते मसुद्यावरच आडव्या रेघेने दाखवा. साधारण दोन-तीन वाक्यांनी एक थांबा. पण विनोद असलेला तुकडा कधीही मधून तोडू नका. बांधणी आणि शेवट एका दमात वक्त्याने म्हणायचं, मग दुभाषाने एका दमात. आणि वक्त्याने दुभाषाचं वाक्य संपेपर्यंत चेहऱ्यावर स्मित ठेवून गप्प उभं राहायचं. इथेच बहुतेक वक्ते फसतात. इंग्रजी कळणारे लगेच हसतात, वक्ता त्या हशावर पुढे बोलू लागतो, दुभाषाचं जपानी वाक्य आवाजात बुडतं, आणि ज्यांच्यासाठी जेवण आहे तेच पाहुणे एकमेकांकडे बघत राहतात.

जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे मराठीत सुचलेल्या विनोदाची मांडणी इंग्रजीपेक्षा जपानीत बरी बसते. मात्र शब्दांवरची कोटी सोडून द्या. एकाच उच्चाराचे दोन अर्थ दुसऱ्या भाषेत सापडत नाहीत, आणि समजावून सांगायला दुभाषाकडे वेळ नसतो. कार्टर यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८१ मध्ये ओसाकाजवळच्या एका महाविद्यालयात त्यांनी छोटा विनोद सांगितला आणि सभागृह अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त हसलं. नंतर खोदून विचारल्यावर दुभाषाने कबूल केलं की त्याने एवढंच सांगितलं होतं: कार्टरसाहेबांनी विनोद सांगितला आहे, सगळ्यांनी हसावं. त्या दुभाषाने दोघांचीही अब्रू राखली, पण अशा वेळी पाहुण्यांपर्यंत मूळ मजकुरातलं काहीच पोचत नाही.

मसुदा दुभाषाला किमान दोन दिवस आधी द्या. त्यात विनोदाच्या जागी खूण करा आणि शेजारी एका ओळीत हेतू लिहा, म्हणजे ‘इथे आम्ही आमच्या शहराला हसतो आहोत’ एवढं. दुभाषाला हेतू माहीत असला की तो वाक्य नाही जुळलं तरी परिणाम जुळवू शकतो. हेतू माहीत नसला तर तो शब्दाला शब्द ठेवतो आणि स्वागत तक्रारीसारखं ऐकू येतं. दिलेल्या मसुद्यापलीकडे ऐनवेळी काही सुचलं तर ते जेवणाच्या टेबलावर बोलावं, माइकवर नाही.

नावं. जपान सरकार २०२० पासून इंग्रजी कागदपत्रांतही आडनाव आधी लिहितं, पण व्हिजिटिंग कार्डांवर दोन्ही पद्धती दिसतात. प्रत्येक नाव दूतावासाकडून पडताळून घ्या आणि अध्यक्षांच्या प्रतीत देवनागरीत लिहा. जपानी उच्चार देवनागरीत रोमनपेक्षा कितीतरी अचूक उतरतात, दीर्घ स्वरही दाखवता येतात. हा आपल्याकडचा मोठा फायदा आहे, वापरा. फेब्रुवारी २०२० मध्ये मोटेरा स्टेडियमवर ट्रम्प यांनी सचिनचं नाव कसं उच्चारलं ते मुंबईत अजून आठवतात. त्याच वाक्यात त्यांना भारताचं कौतुक करायचं होतं, ते कुणाच्या लक्षात राहिलं?

टोस्टचा शब्द ‘कान्पाइ’. इटालियन धाटणीचं ‘चिन-चिन’ कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. जपानीत तो लहान मुलांच्या तोंडचा पुरुषाच्या जननेंद्रियाचा शब्द आहे. जपानी मेजवानीत कान्पाइ होईपर्यंत कुणी पेल्याला ओठ लावत नाही, त्यामुळे भाषण सुरू होण्याआधी सगळ्यांचे पेले भरलेले हवेत. मद्य न घेणाऱ्यांचे सरबताचेही. पेला उजव्या हातात. जून २०२३ च्या व्हाइट हाउसच्या मेजवानीत बायडन यांनी बिनमद्याचा टोस्ट डाव्या हाताने करावा असं आजोबा सांगत, अशी आठवण सांगितली होती. ती त्यांच्या घरची रीत. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना शुभप्रसंगी पुढे आलेला डावा हात खटकतो.

गिरगाव_ते_गोरेगाव

लोकलच्या विनोदाबद्दल.

जपानी गाड्यांचा वक्तशीरपणा ही स्तुती वाटते. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोक्योजवळची एक गाडी २० सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती, ते आपल्याकडे कौतुकाने फिरलं. पण २५ एप्रिल २००५ ला आमागासाकी इथे गाडी वळणावर घसरून इमारतीत घुसली आणि १०७ जण गेले. आधीच्या स्टेशनावर झालेला दीडेक मिनिटाचा उशीर भरून काढण्यासाठी चालक वेगात होता. उशिराबद्दल कंपनीकडून होणाऱ्या शिक्षेची धास्ती हा नंतरच्या चौकशीतला मोठा मुद्दा होता. तुमचा कार्यक्रम एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आहे. त्या दिवसांत जपानी माणसासमोर ‘तुमची गाडी एक सेकंदही चुकत नाही’ हे हसत म्हणू नये.

दुसऱ्या बाजूला आपली लोकल. ११ जुलै २००६ चे स्फोट पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांतून पडून माणसं गेली. दाराला लटकणं पाहुण्यांना ऐकायला गमतीचं वाटेल, पण सभागृहात वाढप करणाऱ्या, माइक लावणाऱ्या माणसांपैकी बरेच जण त्याच गाडीने घरी जाणार आहेत. त्यांनाही ते भाषण ऐकू येतंच.

म्हणून तारखांचा एक कागद करा आणि तो दोन्हीकडे द्या. भाषण पाहुण्यांच्या बाजूनेही होणार आहे आणि त्यांना आपलं दुःख माहीत असेलच असं नाही. आपल्या बाजूने १२ मार्च, ११ जुलै, २६ जुलै, २६ नोव्हेंबर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यामुळे मुंबईच्या पावसावरची थट्टाही जपून. या वेळी २२ एप्रिलही लिहा, पहलगामच्या हल्ल्यात डोंबिवलीची माणसं गेली आहेत. त्यांच्या बाजूने १७ जानेवारी (कोबेचा भूकंप), ११ मार्च (२०११ ची त्सुनामी), ६ आणि ९ ऑगस्ट, १ सप्टेंबर (१९२३ चा भूकंप). या तारखांच्या आगेमागे ते विषय विनोदात नकोत, एवढाच अर्थ. कार्यक्रम रद्द करायची गरज नाही.

पाहुण्यांना आणखी दोन गोष्टी आधी कळवा. शहराचं नाव १९९५ पासून मुंबई आहे, लिखित भाषणात तेच असू दे. आणि विमानतळाचा, स्टेशनाचा किंवा वस्तुसंग्रहालयाचा उल्लेख आला तर ‘छत्रपती शिवाजी महाराज’ असं पूर्ण नाव घ्यावं. परदेशी वक्ते वेळ वाचवायला ते तोडतात आणि सभागृहाचा नूर पालटतो.

महायुद्ध पूर्णपणे टाळा, स्तुतीच्या स्वरातही. काही वक्ते जपानी पाहुण्यांसमोर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात दिलेल्या भिन्नमत निकालाचा दाखला प्रेमाने देतात. ते जपानच्या आजच्या राजकारणात एका बाजूला उभं राहणं होतं. योकोहामात तर दोस्त राष्ट्रांनी युद्धगुन्ह्यांचे वेगळे खटलेही चालवले होते. युद्धाच्या आठवणीला मित्राच्या तोंडून हलका स्पर्शही कसा अवघड होतो ते जून २०२५ मध्ये दिसलं. जर्मनीचे चान्सलर मेर्त्झ यांनी डी-डेचा (दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं तो दिवस) उल्लेख केला, ट्रम्प म्हणाले की तो दिवस तुमच्यासाठी काही सुखाचा नव्हता. मेर्त्झ यांनी शांतपणे उत्तर दिलं की शेवटी ती माझ्या देशाची नाझी हुकूमशाहीतून सुटका होती. इतकं तयार उत्तर प्रत्येक पाहुण्याकडे नसतं, आणि त्याच्यावर ती वेळ आणणं हे यजमानाचं काम नव्हे.

स्पष्टच_सांगतो

एवढ्या अटी पाळायच्या तर विनोद हवाच कशाला? जपानी औपचारिक भाषणं आभार आणि नम्र क्षमायाचनेने सुरू होतात, हशाने नाही. पाहुण्यांचं मनापासून स्वागत करा, कराराचे दोन मुद्दे सांगा, कान्पाइ म्हणा. कुणाचं काही बिघडणार नाही.

काचेआडून

@स्पष्टच_सांगतो, सुरुवातीला विनोद नको हे अगदी मान्य. आधी मान्यवरांची नावं क्रमाने, मग आभार, मग पुढचं. पण जपानी वक्त्यांना विनोद परका आहे असं नाही. एप्रिल २०२४ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा अमेरिकन काँग्रेसमध्ये बोलले. उभं राहून झालेल्या टाळ्या ऐकून ते म्हणाले, आमच्या संसदेत मला असं स्वागत कधीच मिळत नाही. लहानपणी न्यूयॉर्कमध्ये पाहिलेल्या कार्टूनमधल्या एका आरोळीचं भाषांतर मला आजवर जमलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. २०१५ मध्ये त्याच सभागृहात आबे म्हणाले होते की सांगण्यासारखं खूप आहे, पण लांबण लावून कामकाज रोखण्याची माझी क्षमता नाही आणि इच्छाही नाही. यांतला एकही विनोद अमेरिकेला लागत नाही. आणि यजमानाच्या सभागृहाचे रिवाज, त्यांच्या मुलांची कार्टूनं आम्हाला ठाऊक आहेत, हे तिन्हींतून कळतं. त्यासाठी अभ्यास करावा लागतो आणि पाहुण्याला तो अभ्यासच भावतो.

अन्नावरचा विनोदही नेहमी वाईट नसतो. मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान मॉरिसन यांनी स्वतः केलेल्या समोशांचं आणि आंब्याच्या चटणीचं छायाचित्र टाकलं, मोदी शाकाहारी आहेत हे लक्षात ठेवून ‘हे शाकाहारी आहेत, तुमच्याबरोबर खायला आवडले असते’ असं लिहिलं. मोदींनी हिंदी महासागर आणि भारतीय समोसा यांची सांगड घालून उत्तर दिलं. चार दिवसांनी दोघांची दूरदृश्य शिखर बैठक होती. त्यांनी दुसऱ्याचा पदार्थ स्वतः करून पाहिला होता. याच्या उलट जुलै २००५ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांनी ब्रिटिश आणि फिनिश जेवणावर केलेली शेरेबाजी पत्रकारांच्या कानी गेली. तीनच दिवसांनी २०१२ ऑलिम्पिकच्या यजमानपदासाठी मतदान झालं, आणि पॅरिसचा पराभव ५४ विरुद्ध ५० असा निसटता होता.

लोअरपरळ_समन्वय

सगळ्यांचे मनापासून आभार. अध्यक्षांना वाकण्याचं, सुशीचं आणि बुलेट ट्रेनचं वाक्य काढायला पटलं. लोकलही काढतोय. मग नवीन मसुद्यात असं घ्यायचा विचार आहे: योकोहामाच्या यामाशिता उद्यानात भारतीयांनी भेट दिलेला पाणपोईचा मनोरा आहे, १९२३ च्या भूकंपानंतर तिथल्या लोकांनी भारतीय व्यापाऱ्यांना केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून. त्याला जोडून मुंबईतल्या जुन्या दगडी पाणपोया. आणि मग विनोद: ‘दोन्ही बंदरांत पाहुण्याला आधी पाणी देतात. मुंबईत मात्र त्यानंतर जेवण येईपर्यंत भाषणं ऐकावी लागतात. मी लवकर संपवतो.’ चालेल का? माइक, पोडियम यांचं काही पाहायचं असतं का?

शिष्टाचार_कक्ष

छान आहे. हसू यजमानाच्या सवयीवर आहे आणि पाहुण्याला ‘आता जेवण’ ही सुवार्ता मिळते. दोन दुरुस्त्या. भूकंपाचं वाक्य आणि विनोद यांत अंतर ठेवा. १ सप्टेंबर १९२३ ला योकोहामा जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं. मनोऱ्याचं वाक्य झालं की पूर्ण थांबा, दुभाषाचं बोलणं संपू द्या, मग पाणपोयांवर एक साधं वाक्य आणि त्यानंतरच विनोद. दुसरी: ‘मी लवकर संपवतो’ म्हटल्यावर पुढे जास्तीत जास्त ३० सेकंद आणि थेट कान्पाइ. तिथून पुढे करारांचे मुद्दे सुरू झाले तर विनोद खोटा ठरतो. म्हणजे करारांचे मुद्दे मनोऱ्याच्या आधी यायला हवेत. ३३० शब्दांत साधारण ६० नावांना आणि आभारांना, ११० कामाच्या मुद्द्यांना, ९० मनोरा आणि पाणपोयांना, उरलेले विनोद आणि टोस्टला.

पोडियमची उंची आदल्या दिवशी वक्त्याला उभं करून पाहा. मे १९९१ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राणी एलिझाबेथ उंच पोडियममागे झाकल्या गेल्या, कॅमेऱ्यात फक्त त्यांची टोपी दिसत होती. दोन दिवसांनी काँग्रेससमोर त्यांनी ‘आज मी तुम्हाला दिसत असेन अशी आशा आहे’ म्हणून ते निभावून नेलं, पण तुमचे अध्यक्ष पुन्हा दोन दिवसांनी बोलणार नाहीत. दुभाषाला वेगळा माइक द्या, एकच माइक दोघांत फिरवला की प्रत्येक थांब्याला काही सेकंद जातात आणि विनोदाचा ताल तुटतो.

टोस्टनंतर संगीत असेल तर वादकांना इशाऱ्याचा शब्द एकच द्या आणि तो शब्द भाषणात आधी कुठेही येऊ देऊ नका. मे २०११ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात ओबामांनी राणीच्या नावाने टोस्टची सुरुवात केली, वादकांना वाटलं टोस्ट झाला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि ओबामा त्यावर बोलत राहिले. तुमच्याकडे इशारा ‘कान्पाइ’ असेल, तर अध्यक्षांनी ‘आता आपण कान्पाइ म्हणू या’ असंही आधी म्हणायचं नाही. पेला उचलायचा आणि एकदाच म्हणायचं.

आणि कार्यक्रमाच्या आधी-नंतरचा माइक. सप्टेंबर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मंत्री डटन बैठकीला उशीर होत असताना पॅसिफिक बेटांच्या लोकांवर, त्यांच्या दाराशी येऊन ठेपलेल्या समुद्रावर, पंतप्रधानांशी हळू आवाजात थट्टा करत होते. वर टांगलेला माइक चालू होता. मार्शल बेटांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर निषेध केला. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला सांगा की वक्ता पोडियमपाशी पोचल्याशिवाय माइक उघडायचा नाही आणि वळला की बंद. कॉलरचा माइक देऊच नका, तो जेवणाच्या टेबलापर्यंत सोबत जातो.

मसुदा महावाणिज्यदूतांच्या कार्यालयात ‘माहितीसाठी’ म्हणून पाठवा. मंजुरी मागू नका, ती मागितली की त्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते सगळंच काढायला सांगतील. माहितीसाठी पाठवलं तर काही खटकल्यास तिथलं कुणीतरी फोन करून सांगतं. त्यांना वाचायला निदान तीन कामाचे दिवस द्या.